हैदराबादचे क्लोरोफॉर्म आयोग आणि स्त्रियांच्या लहान शस्त्रक्रियांतील गुंगीची औषधे

ढोकी परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाच्या राजधानीत डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्म आयोग भरले. रूपाबाई फर्दुनजी या आद्य महिला भूलतज्ज्ञ तेथेच घडल्या. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात त्यांची दखल क्वचितच दिसते. भूल देताना नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवावे, असा लॉरींचा आग्रह होता. क्लोरोफॉर्म हृदयाला थेट अपाय करीत नाही, हे त्यांचे मत मात्र ए. जी. लेव्ही यांच्या १९११ मधील प्रयोगांपुढे टिकले नाही. श्वासासंबंधीचा आग्रह टिकला. आज क्युरेटिंगसाठी केटामिन दिल्यास श्वसन बहुधा अबाधित राहते, परंतु शुद्धीवर येताना भास होतात; मिडाझोलामच्या जोडीने ते कमी होतात. प्रोपोफॉलने रुग्णा लवकर सावध होते, तथापि श्वास थांबण्याचा धोका असल्याने भूलतज्ज्ञाविना ते वापरणे अनुचित होय.