किरकोळ दुकानांतील कामगारसुरक्षा : अमेरिका

अमेरिकेत दुकान-कामगारांच्या सुरक्षेचे नियमन १९७० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य कायद्यानुसार ‘ओशा’ ही संघीय यंत्रणा करते. दुकानांत आढळणारे नियमभंग दिसायला किरकोळ असतात : खोक्यांनी अडलेला संकटकालीन दरवाजा, विजेच्या पॅनेलसमोर रचलेला माल, अग्निशामक नळकांड्यापुढचे अडथळे, कोसळू शकतील अशा उंच थप्प्या. आग लागली की हीच हयगय जिवावर बेतते.

२०२५ मध्ये गंभीर भंगासाठी कमाल दंड १६,५५० डॉलर, तर हेतुपुरस्सर किंवा पुन्हा केलेल्या भंगासाठी १,६५,५१४ डॉलर होता. मोठ्या साखळी-दुकानांना या रकमांची फारशी झळ बसत नाही. २८ नोव्हेंबर २००८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील व्हॅली स्ट्रीम येथे वॉलमार्टच्या सवलत-विक्रीसाठी जमलेल्या गर्दीने पहाटे दारे मोडली आणि एक हंगामी कामगार पायदळी तुडवला जाऊन मरण पावला. त्याबद्दल दंड झाला अवघा ७,००० डॉलर, आणि तोही कंपनीने अनेक वर्षे लढवला. माणसाच्या जिवापुढे ही रक्कम लाजिरवाणी आहे. गर्दी-नियंत्रणाच्या मार्गदर्शक सूचना मात्र या घटनेनंतर निघाल्या.

डॉलर जनरल या साखळीवर वारंवार अडवलेल्या वाटांबद्दल कारवाई झाली. जुलै २०२४ मधील तडजोडीत कंपनीने १.२ कोटी डॉलर दंड मान्य केला. असे धोके यापुढे साधारणतः ४८ तासांत दूर न केल्यास दररोज १ लाख, कमाल ५ लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद तीत आहे.