भिंतीविना बिऱ्हाडं: आभासी स्विचची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण इथरनेटचा जन्म पाहिला. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. संगणकांचं जाळं हजारो यंत्रांचं झालं, की ते सांभाळायचं कोणी, आणि कुठून?

सुरुवात १९८५ पासून करू. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीत रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली. अनेक जाळी एकमेकांना जोडली की कुठेतरी वर्तुळ तयार होतं आणि संदेश त्यातच गरगर फिरत राहतात. पर्लमन यांच्या पद्धतीत उपकरणं आपापसात बोलून जादा वाटा बंद ठेवतात आणि जाळ्याला झाडाचा आकार येतो. वरून हुकूम देणारा कोणी लागत नाही. प्रत्येकानं आपल्यापुरतं पाहायचं, हा त्या काळाचा विचार होता.

पण झाड एकच असेल तर बुंध्यावर गर्दी होणारच. बेलकोर या टेलिफोन संशोधन संस्थेत डब्ल्यू. डेव्हिड सिंकोस्की यांना इथरनेट खूप मोठं करायचं होतं. त्यांनी उपाय काढला तो असा: एकाच जाळ्यावर अनेक झाडं कल्पायची आणि प्रत्येक संदेशावर तो कोणत्या झाडाचा, याची खूण लावायची. व्हीलॅनचं, म्हणजे आभासी जाळ्याचं, मूळ इथे आहे. गंमत बघा, हेतू गर्दी वाटण्याचा होता. पुढे लोकांनी ते वापरलं ते मुख्यतः खाती वेगळी ठेवायला. एकाच वाड्यात भिंती न बांधता बिऱ्हाडं वेगळी करावीत, तसं. हिशेब खात्याचा माणूस तिसऱ्या मजल्यावर बसायला गेला तरी केबल बदलायची नाही, फक्त खूण बदलायची.

१९९८ मध्ये याचं ८०२.१क्यू हे मानक आलं. खुणेला १२ बिट दिले, म्हणजे वापरता येतील अशी ४०९४ जाळी. तेव्हा हा आकडा कोणाला कमी वाटला असेल? एका कार्यालयाला तो भरपूर होता.

आता २००१ कडे या. व्हीएमवेअरनं ईएसएक्स बाजारात आणलं आणि एका सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी सर्व्हर चालू लागले. यातले दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा संदेश केबलवर येतच नाही. मग तो पोचवणारा स्विचही आतच हवा, सॉफ्टवेअरचा. पोर्ट नाहीत, दिवे नाहीत, पण काम तेच. सर्व्हर मिनिटांत तयार होऊ लागला, चालू असतानाच एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलू लागला. बाहेरचं जाळं मात्र जुन्याच चालीनं चाललं होतं: एकेका डब्यात लॉगिन करा, हातानं आज्ञा टाइप करा, पुढच्या डब्याकडे जा. एक ओळ चुकली की चूक कोणत्या डब्यात आहे हे शोधण्यात दिवस जायचा.

इथे स्टॅनफर्डमधले मार्टिन कासाडो येतात. निक मॅक्यून आणि स्कॉट शेंकर यांच्याबरोबर त्यांनी २००७ मध्ये 'इथेन' मांडलं. कोण कोणाशी बोलेल याचे नियम एका ठिकाणी लिहायचे; स्विचनं फक्त ते पाळायचे. विद्यापीठात ३०० हून अधिक यंत्रांवर त्यांनी ते चालवून दाखवलं. २००८ मध्ये ओपनफ्लो आलं, आणि २००९ मध्ये त्यांच्या निसिरा कंपनीतून ओपन व्हीस्विच हा मुक्त आभासी स्विच. २०१२ मध्ये व्हीएमवेअरनं निसिरा सुमारे १२६ कोटी डॉलरना घेतली. ४०९४ ची मर्यादाही गेली: व्हीएक्सलॅनमध्ये खूण २४ बिटांची झाली, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख आभासी जाळी.

फायदा किती, हे गूगलनं २०१३ मध्ये आपल्या बी४ या जाळ्याबद्दल सांगितलं. दूरवरच्या महागड्या लाइनी सहसा सरासरी ३० ते ४० टक्केच वापरल्या जातात, कारण आयत्या वेळी जागा हवी. केंद्रातून सगळं दिसत असल्यानं गूगल काही लाइनी जवळजवळ १०० टक्क्यांपर्यंत भरू शकलं.

मग यात तोटा काय? २ जून २०१९ चा दिवस आठवा. गूगलच्याच क्लाउडमध्ये देखभालीच्या स्वयंचलित व्यवस्थेनं अनेक ठिकाणचे नियंत्रक एकाच वेळी बंद केले. कारण होतं दोन चुकीच्या मांडण्या आणि सॉफ्टवेअरमधला एक दोष. उपकरणं शेवटच्या हुकुमावर काही मिनिटं चालली, मग वाटा मागे घेतल्या गेल्या आणि उरलेल्या लाइनींवर कोंडी झाली. बिघाड अभियंत्यांना लगेच कळला होता. पण दुरुस्तीची साधनंही त्याच कोंडलेल्या जाळ्यातून चालत होती! पूर्ववत व्हायला चार तासांहून अधिक लागले.

म्हणून आपण 'सोपं झालं' म्हणतो तेव्हा कोणासाठी, हे विचारलं पाहिजे. हजार डब्यांत विखुरलेली गुंतागुंत एका ठिकाणी गोळा झाली. माणसाचे श्रम खरोखर वाचले. पण पूर्वी एका डब्यातली चूक बहुतेक वेळा एका मजल्यापुरती राहायची, आता ती एकदम अनेक शहरांत पोचते. पर्लमन यांच्या काळातला विचार म्हणूनच जुना झालेला नाही. नियंत्रण केंद्रात असलं, तरी केंद्राशी बोलणं तुटल्यावर उपकरणाला किती वेळ स्वतःच्या अकलेनं चालता येतं, आणि दुरुस्त करणाऱ्यासाठी वेगळी वाट राखून ठेवली आहे का, हे दोन प्रश्न जाळं उभारताना आजही आधी विचारावे लागतात.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी केबलच्या जगात परत जाऊ, समुद्राच्या तळाशी.