प्रथिनांचा डेटाबेस-शोध आणि मुक्त सॉफ्टवेअर

प्रथिन डेटाबेस-शोध : मास स्पेक्ट्रोमीटरने नोंदलेल्या वर्णपटांवरून नमुन्यात कोणती प्रथिने होती, हे संगणकाच्या साहाय्याने ठरवण्याची पद्धत. नमुन्यातील प्रथिने आधी ट्रिप्सिन या विकराने तोडतात. ट्रिप्सिन साखळीला लायसीन किंवा आर्जिनीन यांच्या पुढेच कापते, त्यामुळे तुकडे कुठे पडतील याचा अंदाज आधीच बांधता येतो. हे तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, यंत्रात पुन्हा फुटतात आणि उपतुकड्यांची वस्तुमाने वर्णपटात उमटतात. सॉफ्टवेअर युनिप्रॉटसारख्या डेटाबेसमधील प्रत्येक प्रथिनाचे संगणकातच असे तुकडे पाडते, वस्तुमान जुळणाऱ्या पेप्टाइडांचे अपेक्षित वर्णपट काढून ते प्रत्यक्ष वर्णपटाशी ताडून पाहते आणि सर्वाधिक गुण मिळवणारे पेप्टाइड उत्तर म्हणून पुढे करते. या मार्गाचा पाया १९९४ मध्ये जिमी एंग, ॲशली मॅककॉर्मॅक आणि जॉन येट्स यांच्या ‘सिक्वेस्ट’ने घातला. १९९९ मध्ये ‘मॅस्कॉट’ आले. ही दोन्ही व्यावसायिक परवान्याने विकली गेली. २००४ च्या सुमारास ‘एक्स! टँडेम’ मुक्तस्रोत म्हणून खुले झाले, २०१२ मध्ये सिक्वेस्टच्याच वंशातले ‘कॉमेट’ आले आणि २०२३ मध्ये ‘सेज’.

या मुक्त साधनांचे समर्थन बहुधा खर्चाच्या अंगाने केले जाते. लहान प्रयोगशाळेला परवान्याचा खर्च झेपत नाही, हे खरेच आहे. पण त्यांची खरी गरज या शोधाच्या स्वरूपातूनच निर्माण होते. डेटाबेस-शोधाचे उत्तर हे मोजमाप नसून अनुमान असते. वर्णपटामागचे खरे पेप्टाइड डेटाबेसमध्ये नसले, तरी सॉफ्टवेअर असलेल्यांतले ‘सर्वांत बरे’ निवडून देतेच. ते कितपत बरे, हे गुणांकनाचे सूत्र, वस्तुमानातील चुकीला दिलेली मुभा आणि गृहीत धरलेले रासायनिक बदल यांवर अवलंबून असते. अॅस्परजीनचे उदाहरण पाहू. साखळीत त्याचे वस्तुमान ११४.०४३ डाल्टन असते. नमुना हाताळताना त्यातील अमाइड गट निघून गेला, तर ते ११५.०२७ होते, आणि हे नेमके अॅस्पार्टिक आम्लाचे वस्तुमान आहे. हा बदल शोधात गृहीत धरला नाही, तर त्या जागी अॅस्पार्टिक आम्ल असलेले एखाद्या नातेवाईक प्रथिनाचे पेप्टाइड उत्तम गुण घेऊन जिंकू शकते. ल्युसीन आणि आयसोल्युसीन यांचे वस्तुमान तर एकच असते, तिथे नेहमीचा वर्णपट काहीच सांगू शकत नाही.

चुकीचे प्रमाण मोजण्यासाठी डेटाबेसमधील सर्व साखळ्या उलट्या लिहून त्यांची बनावट जोड खऱ्या डेटाबेसला देतात. एका गुणमर्यादेच्या वर १०,००० खऱ्या आणि १०० बनावट जुळण्या आल्या, तर खऱ्यांपैकीही सुमारे १०० चुकीच्या असाव्यात, म्हणजे एक टक्का, असे मानतात. मात्र वर्णपटांच्या पातळीवरचा एक टक्का प्रथिनांच्या पातळीवर एक टक्का राहत नाही. बरोबर जुळण्या त्याच त्या प्रथिनांवर गोळा होतात, चुकीच्या मात्र डेटाबेसभर विखुरतात आणि प्रत्येक चूक बहुधा एक नवे प्रथिन ‘शोधते’. विदा जितकी वाढवावी तितका हा दोष बळावतो. मे २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये मानवी प्रथिनसंचाचे दोन मसुदे एकाच वेळी आले. एक अखिलेश पांडे यांच्या नेतृत्वाखाली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स यांच्या सहभागातून झालेला, तर दुसरा म्युनिकमधील बेर्नहार्ड कुस्टर यांच्या गटाचा. पहिल्या मसुद्याने १७,२९४ जनुकांची प्रथिने सापडल्याचे म्हटले. त्याच वर्षी स्पेनमधील संशोधकांनी दोन्ही याद्या तपासल्या आणि त्यांत शंभराच्या वर घ्राणग्राही, म्हणजे वास ओळखणारी, प्रथिने असल्याचे दाखवून दिले. नाकातील वास घेणाऱ्या ऊती मात्र कोणत्याच गटाने अभ्यासल्या नव्हत्या. मूळ वर्णपट सार्वजनिक होते म्हणूनच ही तपासणी इतक्या लवकर झाली. पुढच्याच वर्षी कुस्टर यांच्या गटाच्या सहभागातून प्रथिन-पातळीवरील चूक मोजण्याची सुधारलेली रीत प्रसिद्ध झाली.

मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने हे उदाहरण देण्यावर आक्षेप असा, की ही चूक बंद सॉफ्टवेअरमुळे झाली नव्हती, हिशेबाच्या रीतीमुळे झाली होती. आक्षेप बरोबर आहे, आणि मुक्त सॉफ्टवेअर वापरूनही तीच चूक करता आली असती. पण हिशेबाची रीत कुठे घसरते ते शोधण्यासाठी तोच वर्णपट वेगवेगळ्या मर्यादा लावून, वेगळ्या गुणांकनाने, पुन्हापुन्हा चालवावा लागतो आणि कधीकधी सूत्रच बदलून पाहावे लागते. परवान्याच्या कुलपात ठेवलेल्या आज्ञावलीत हे दुसऱ्या कोणाला करता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की शोधनिबंधात पद्धतीचे वर्णन असतेच. परंतु आवर्तने, पूर्णांकन आणि समगुणी उत्तरांतून निवड यांसारखे तपशील निबंधात क्वचितच मावतात, आणि सीमेवरच्या जुळण्यांचा निकाल तेच लावतात. व्यावसायिक साधने अधिक सुलभ असतात, त्यांना तज्ज्ञांची मदत मिळते, हा तिसरा मुद्दा वजनदार आहे. सर्चजीयूआय आणि पेप्टाइडशेकर या मुक्त साधनांनी ही दरी बरीच भरून काढली आहे, पूर्ण नाही.

मोफत मिळणारे प्रत्येक साधन तपासता येतेच असेही नाही. मॅक्सक्वांट पैसे न देता वापरता येते, पण त्याची मूळ आज्ञावली पूर्णपणे खुली नाही. एमएसफ्रॅगर शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे, तेवढेच. शिवाय यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांच्या मूळ फायली बंद स्वरूपात असतात. प्रोटिओविझार्ड या मुक्त साधनाने त्यांचे एमझेडएमएल या खुल्या स्वरूपात रूपांतर करता येते खरे, पण तेही कंपन्यांनी दिलेल्या वाचन-संचांच्या आधारानेच. म्हणून प्रथिनांची यादी हातात आली की वाचकाने तीन गोष्टी विचाराव्यात: डेटाबेसची कोणती आवृत्ती वापरली, शोधाची मापदंड-फाइल कुठे आहे, आणि मूळ वर्णपट प्राइडसारख्या सार्वजनिक भांडारात आहेत का. या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसेल, तर ती यादी अजून सिद्ध झालेली नाही असेच धरावे.