पकड सुधारली का?



आमच्या घरात गेले काही महिने एकच वाद चालू आहे. नातवंडं म्हणतात, कबड्डीतली पकड पूर्वीपेक्षा कितीतरी सुधारली. माझ्या वयाची मंडळी म्हणतात, कसली सुधारली! आमच्या वेळी एकदा कंबर धरली की माणूस जागचा हलत नसे. पुण्याचा भाचा फोनवर आकडे वाचून दाखवतो. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन कबड्डीच्या मैदानात उभा राहिलो. तेव्हा दोन्ही पक्षांचं ऐकून झाल्यावर माझं उत्तर एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. मी राहतो महाडला, चवदार तळ्यापासून पाच मिनिटांवर. आम्ही रायगडकर आमच्या जिल्ह्याला कबड्डीची पंढरी म्हणवतो, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला आहे असं समजतो.

परदेशात वाढलेल्या भाचरांसाठी आधी थोडं मैदान आखून घेतो. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. एका बाजूला सात खेळाडू. समोरचा एकटा 'कबड्डी कबड्डी' म्हणत येतो, तो चढाई करणारा. त्याला शिवून परत जायचं असतं आणि या सातांनी त्याला धरायचं असतं, ती पकड. सातांतले दोन कोपऱ्यांत उभे राहतात. कोपऱ्यातला माणूस बहुधा शेजाऱ्याचा हात हातात धरून असतो. याला साखळी म्हणतात. ही साखळी पुढे महत्त्वाची आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता इतिहास. आपल्याकडे या खेळाला हुतूतू म्हणत आणि गावागणिक त्याचे नियम वेगळे असत. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी पुन्हा उठे, गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत कोणी उठत नसे, आणि अमरमध्ये कोणी बाहेरच जात नसे, फक्त गुण मोजले जात. आजचा खेळ मुख्यतः संजीवनीवर उभा आहे. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापले आणि स्पर्धा भरवली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९५२ साली मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. शंकरराव तथा बुवा साळवींनी खेळासाठी एवढं केलं की त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. कोकणातून गिरणीत गेलेल्या माणसांनी लालबाग-परळमध्ये हा खेळ जागता ठेवला आणि गणपतीला, शिमग्याला गावी येताना नवे डाव बरोबर आणले.

त्या काळची पकड मातीतली. माती भुसभुशीत, त्यामुळे पाय रोवता येई आणि अंग झोकून दिलं तरी फारसं लागत नसे. पकड म्हणजे एखाद्या आडदांड गड्याने चढाई करणाऱ्याला मांडीला किंवा कमरेला धरायचं आणि त्याचा दम तुटेपर्यंत सोडायचं नाही. बाकीचे मग येऊन पडत. माझ्या पिढीतली मंडळी आठवण काढतात ती या एकट्याच्या ताकदीची. ती आठवण खोटी नाही. पण त्या खेळात एक दोषही होता. आघाडीवर असलेला संघ नुसता वेळ काढी. चढाई करणारा निदान रेषा ओलांडून हात हलवी आणि परत जाई. समोरचे सात उभेच. जो आत येतच नाही त्याला धरणार कसं?

हा दोष नियमांनी काढला. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड केली तर एक गुण जास्त, ही अव्वल पकड. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीने हे नियम घराघरात पोचवले. परिणाम असा झाला की चढाई करणाऱ्याला आत यावंच लागतं, आणि तो येणार हे ठाऊक असल्याने पकड करणाऱ्यालाही नुसतं वाट बघत उभं राहून चालत नाही. तो पुढे होऊन धडक देतो, मैदानाबाहेर ढकलतो, बोनस घ्यायला पुढे आलेल्या पायाचा घोटा धरतो. पूर्वीचा बचाव हा खरोखर बचाव होता. आताचा बचाव चाल करून जातो. म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर, हो, पकड सुधारली.

भाच्याचे आकडे इथे कामाला येतात. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार, किंमत १२ लाख ८० हजार. २०१८ साली यू मुंबाने इराणच्या फजल अत्राचलीसाठी एक कोटी रुपये मोजले, आणि फजल हा डाव्या कोपऱ्यातला पकड करणारा! २०२३ साली पुणेरी पलटणने दुसऱ्या इराणी कोपरारक्षकाला, मोहम्मदरेझा शादलुईला, २ कोटी ३५ लाखांना घेतलं. १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. पुढच्या हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला, तर डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा विजेते झाले. एकेकाळी संघात सगळ्यांत शेवटी निवडला जाणारा कोपऱ्यातला गडी आता असा भाव खातो.

पण वादातला दुसरा प्रश्न राहतोच. पकड सुधारली हे खरं, पण कोणाची? आपली की इतरांची?

१९९० साली बीजिंगला कबड्डी आशियाई खेळांत आली. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. २०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात कोरियाने आपल्याला ३४-३२ असं हरवलं तेव्हा आपण जागं व्हायला हवं होतं. पण अंतिम सामन्यात मध्यंतराला मागे असूनही आपण इराणला ३८-२९ असं हरवलं आणि सगळं विसरून गेलो. तो सामना आपल्या चढाईने वाचवला होता. मग २०१८ साली जकार्त्यात उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असं हरवलं. आपले गुण फक्त अठरा! आपल्या नामांकित चढाई करणाऱ्यांना त्यांच्या साखळीने हलूच दिलं नाही. त्या संघात फजल होता. २०१५ साली विजेत्या यू मुंबातून खेळून तो आपल्या सगळ्या चढाया जवळून बघून गेला होता. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला २७-२४ असं हरवलं, आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. शिकवणारी बाई इथली. मला मास्तर म्हणून याचं वाईट वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला. ज्ञान पेटीत ठेवून वाढत नाही. २०२३ साली हांगचौला आपण दोन्ही सुवर्णपदकं परत आणली खरी, पण पुरुषांचा अंतिम सामना ३३-२९ आणि महिलांचा २६-२५. सहज जिंकण्याचे दिवस आता संपले.

म्हणून माझं मत असं. आपली पकड सुधारली, पण इतरांची अधिक वेगाने सुधारली. आणि त्याचं कारण ताकद नाही, साखळी आहे.

साखळी ही फार विचित्र गोष्ट आहे. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा आणि दोघांनी मिळून एक माणूस व्हायचं. एक पुढे गेला आणि दुसरा थांबला तर दोघेही बाद. शेजाऱ्याच्या हाताबद्दल मनात किंतु असेल तर साखळी होतच नाही. इथे मला आमच्या गावाची आठवण येणं साहजिक आहे. कबड्डी हा शिवण्याचाच खेळ. आणि शिवण्यावरून या देशात काय काय झालं हे महाडकराला सांगावं लागत नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं, पण ते कागदावर. पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या दिवशी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, आणि तळं 'शुद्ध' करायला १०८ घागरींचा विधी झाला. न्यायालयातला शेवटचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. नियम बदलणं ही पहिली पायरी, आणि तो नियम अंगात मुरणं ही दुसरी. या दोन पायऱ्यांत किती अंतर असतं ते आमच्या तळ्याने दाखवलं आहे.

ते अंतर १९३७ नंतरही संपलं नव्हतं. साधारण १९६६ साली आमचा शाळेचा संघ एका गावी सामना खेळायला गेला होता. गावाचं नाव सांगत नाही, आज तिथे तसं काही नाही. आमच्या डाव्या कोपऱ्यात खेळणारा मुलगा १९५६ नंतर बौद्ध झालेल्या घरातला. त्याच्या शेजारी मी, म्हणजे त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हातात. मध्यंतराला पाणी आलं. सहा जणांना पेले, आणि त्याला वरून ओतणार. कोणी काही बोलायच्या आत आमच्या कप्तानाने पेले बाजूला सारले आणि ओंजळ पुढे केली. म्हणाला, "आम्हा सगळ्यांना असंच द्या." मग सातही जण ओंजळीने पाणी प्यायलो. पाणी वाढणारे काका क्षणभर थबकले आणि गुपचूप ओतत राहिले. त्याबद्दल आम्ही आपसात कधी बोललो नाही. दुसऱ्या डावात मात्र आमची साखळी एकदाही सुटली नाही. सामना आम्ही हरलोच, कारण आमच्या चढाया रिकाम्या जात होत्या. पण पकडीचे गुण आमचे जास्त होते, हे मी आजही छातीठोक सांगतो.

पुढे मी शिक्षक झाल्यावर मुलांना पकड शिकवताना आधी ताकद शिकवली नाही, हात धरायला शिकवलं. रोज जोड्या बदलायचो. वाडीतला मुलगा पेठेतल्याशी, मोहल्ल्यातला बौद्धवाडीतल्याशी. सुरुवातीला काही पालकांची कुरकुर झाली, मग थांबली. दोन-तीन वर्षांनी आमच्या संघाची पकड तालुक्यात नावाजली जाऊ लागली. त्यात माझी फार हुशारी नव्हती. रोज वेगवेगळा हात धरला की कोणता हात कधी ओढणार आणि कधी थांबणार हे कळायला लागतं, एवढंच.

पुणेरी पलटणचा तो विजेता संघ मी म्हणूनच आवडीने बघितला. डाव्या कोपऱ्यात इराणचा शादलुई, बचावात तमिळनाडूचा अबिनेश नादराजन, हरियाणाचा गौरव खत्री, आपला संकेत सावंत, आणि कप्तान आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. या मुलांची मातृभाषा एक नाही. पण हात धरलेले असताना बोलायला वेळ कुठे असतो? शेजाऱ्याच्या पंजाला थोडी ओढ लागली की समजायचं.

माझी काळजी वेगळी आहे. आमच्याकडच्या मैदानात हल्ली दहा मुलं आली की नऊ जणांना चढाईच करायची असते. टाळ्या चढाईला मिळतात, रील चढाईचे निघतात. कोपऱ्यात कोणी उभं राहायला तयार नाही. राहिलं तर शेजाऱ्याचा हात न धरता, एकट्याने घोटा धरायला झेपावतात, कारण टीव्हीवर तेवढंच पुन्हापुन्हा दाखवतात. त्या झेपेआधीचे वीस सेकंद बाकीचे सहा जण काय करत होते, ते कोणी दाखवत नाही. पकड सुधारली म्हणून आनंद मानताना हेही बघायला हवं, की ती गावच्या पोरांपर्यंत पोचली का, आणि पोचली ती पूर्ण की नुसती झेप.

तर नातवंडांनो, वादात तुम्ही जिंकलात असं समजा, पण निम्मंच. आणि माझ्या समवयस्कांनो, तुमच्या कमरेच्या पकडीलाही माझा नमस्कार. पुढचा सामना बघताना एक करा. चढाई करणाऱ्याकडे बघू नका. डाव्या कोपऱ्यातल्या दोन हातांकडे बघा. ते सुटतात कधी आणि पुन्हा जुळतात कधी, एवढं मोजा. मग पकड सुधारली की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल.

असो. लेख लांबला. मैदानावर पोरं आली असतील, जातो.