प्रौढ वयातील सुंता : टाके विरघळले तरी सहा आठवडे जपावेत

रायपूर : प्रौढ वयात सुंता करून घेण्याची वेळ अनेकदा धार्मिक कारणाने नव्हे, तर आजाराने येते. शिश्नाची अग्रत्वचा आकसून मागे सरेनाशी होते, तिला भेगा पडतात, लघवीची धार बारीक होते. आधुनिक वैद्यक या अवस्थेला फायमोसिस म्हणते. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन ‘निरुद्धप्रकश’ या नावाने आले आहे. दुखणे नवे नाही आणि त्याविषयीचा संकोचही बहुधा तितकाच जुना असावा. रजेच्या अर्जावर ‘हर्निया’ लिहून मोकळे होणाऱ्यांचे एक वेळ समजू शकते. पण हाच संकोच जखम चिघळल्यावरही डॉक्टरांकडे जाऊ देत नाही, तेव्हा तो महागात पडतो.

शस्त्रक्रिया फारशी मोठी नसते. जागेपुरती किंवा कमरेखालची भूल देऊन ती साधारण अर्ध्या-पाऊण तासात आटोपते आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडले जाते. टाटीबंध येथील एम्स किंवा ‘मेकाहारा’ नावाने ओळखले जाणारे डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय येथे महासमुंद, बेमेतरा यांसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णांनी मात्र पहिली रात्र शहरातच काढावी, हे बरे. रक्तस्राव व्हायचाच असेल तर तो बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतो.

पहिले दोन दिवस पट्टी कोरडी ठेवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वाधिक असते, त्वचा काळीनिळी दिसते आणि रुग्ण घाबरतो. ही सूज दोन आठवड्यांत हळूहळू उतरते. आजवर झाकलेला शिश्नमणी उघडा पडल्याने कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही, तोही त्रास काही आठवड्यांत ओसरतो. अंगाबरोबर बसणारी सुती अंतर्वस्त्रे घालून शिश्न पोटाच्या दिशेने वर ठेवल्यास सूज कमी राहते. रायपूरच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो आणि घामाने जांघ सतत ओली राहते. त्यामुळे शक्य असेल तर ही शस्त्रक्रिया हिवाळ्यात ठरवावी.

सर्वांत जास्त छळतात त्या रात्री. झोपेत आपोआप येणारी ताठरता टाक्यांवर ताण आणते आणि माणूस कळवळून उठतो. हा शरीराचा नैसर्गिक व्यापार आहे, त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. झोपण्यापूर्वी लघवी करून घ्यावी, कुशीवर झोपावे, जाग आल्यास उठून चार पावले चालावे.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, साधारणपणे दोन दिवसांनी, वाहत्या पाण्याने अंघोळ करता येते. नंतर जखम टिपून कोरडी करावी, घासू नये. हळद, पावडर किंवा जंतुनाशक द्रावण मनाने लावू नये. सांगितलेले मलम पुरेसे असते. चौथ्या-पाचव्या दिवशी जखमेवर दिसणारा पिवळसर थर पुष्कळदा पू समजून खरवडला जातो. तो भरून येणाऱ्या जखमेचाच भाग असतो. दुर्गंधी, वाढत जाणारी वेदना, पसरणारी लाली आणि ताप ही संसर्गाची खरी लक्षणे होत. टाके दोन-तीन आठवड्यांत विरघळतात. स्टेपलर यंत्राने शस्त्रक्रिया झाली असल्यास कडी व पिना आपोआप गळतात, त्या ओढू नयेत.

खरी फसगत होते ती तिसऱ्या आठवड्यात. जखम मिटलेली दिसते, दुखणे थांबते, दुचाकीही बाहेर निघते. आतले ऊतक मात्र अजून कच्चे असते. म्हणून संभोग आणि हस्तमैथुन दोन्ही सहा आठवडे टाळण्यास सांगितले जाते. दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील चाचण्यांत सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग सुमारे 60 टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधारे शिफारस केली. परंतु अपुरी भरलेली जखम उलट संसर्गाची वाट मोकळी करते आणि पूर्ण भरलेलीही निरोधची जागा घेऊ शकत नाही.

मधुमेहींच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. लघवीतील साखरेवर बुरशी पोसते, त्वचा वारंवार सुजते आणि आकसते. काहींना मधुमेह असल्याचे याच तक्रारीमुळे प्रथम कळते. साखर आटोक्यात नसेल तर जखम रेंगाळते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या औषधांनी लघवीतून साखर बाहेर टाकली जाते, त्यामुळे बुरशीचा धोका वाढतो. ही किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे. मनाने बंद करू नयेत.

रक्त येऊ लागल्यास स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मध्येच उघडून पाहू नये. तरीही थांबले नाही, लघवी अडली किंवा शिश्नमणी काळा पडू लागला, तर सकाळची वाट न पाहता आपत्कालीन विभाग गाठावा. छत्तीसगडमध्ये 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

काढलेल्या त्वचेवर पांढरट, कडक चट्टे असतील तर ती तपासणीसाठी पाठवली जाते. जखम भरल्याच्या आनंदात तो अहवाल घ्यायचाच राहून जातो. लायकेन स्क्लेरोसस हा विकार आढळल्यास पुढे मूत्रमार्गाचे तोंडही आकसू शकते. काही महिन्यांनी धार पुन्हा बारीक झाली, तर तोच अहवाल घेऊन मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावे.