चित्रपटांचा महोत्सव : पालखी आणि गाभारा

‘महोत्सव’ हा शब्द मूळचा देवळातला. चित्रपटांच्या जगाने तो केवळ भपक्यासाठी उचलला असे कोणास वाटेल; परंतु थोडा विचार केल्यास त्याचे औचित्य ध्यानात येते. आपल्या अनेक देवस्थानांत मूर्ती दोन असतात. गाभाऱ्यातील मूळ मूर्ती आपले स्थान सोडीत नाही. उत्सवमूर्ती मात्र पालखीत बसून बाहेर येते, गल्लीगल्लीतून फिरते, आणि ज्या म्हाताऱ्यास देवळाची पायरी चढवत नाही त्याच्या दारापाशी क्षणभर थांबते. चित्रपट महोत्सवाची पारख आम्हांस याच दोन खुणांवरून करावीशी वाटते : त्याची पालखी कोठवर पोचली, आणि गाभाऱ्यात काय उरले?

भारतातील, किंबहुना आशियातील, पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवास २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत प्रारंभ झाला. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने तो भरविला होता. २३ देशांनी त्यात भाग घेतला. सुमारे ४० कथापट आणि १०० लघुपट दाखविण्यात आले. स्पर्धा नव्हती, पारितोषिके नव्हती. दाखवावे आणि पाहावे, एवढाच हेतू. मुंबईहून महोत्सव मद्रास, दिल्ली व कलकत्ता या शहरांत गेला. भारतातर्फे चार चित्रपट होते : हिंदी ‘आवारा’, बंगाली ‘बाबला’, तेलुगू ‘पाताळ भैरवी’ आणि मराठी ‘अमर भूपाळी’. ज्या होनाजीची भूपाळी आपल्या देवळांत पहाटे म्हटली जाते, त्याच्याच जीवनावरचा व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट. देशोदेशींच्या चित्रपटांच्या पंक्तीस मराठीचे पान असे मांडले गेले.

तोवर आपल्या प्रेक्षकास परदेशी चित्रपट म्हणजे मुख्यत्वे हॉलिवूडचा, एवढेच ठाऊक. या महोत्सवाने इटलीचा नवा वास्तववाद समोर आणला. व्हित्तोरियो दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा १९४८ चा चित्रपट त्यांत अग्रणी होता. महायुद्धानंतरचे रोम, भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम एका बेकारास मिळते, पण त्यासाठी सायकल हवी. घरातील चादरी गहाण टाकून ती सोडवून आणावी, तो पहिल्याच दिवशी ती चोरीस जावी! दिवसभर लहानग्या मुलाचे बोट धरून शोध घेतल्यावर बाप अखेरीस स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलतो आणि पकडला जातो. मुलाचा चेहरा पाहून सायकलीचा मालक त्याला सोडून देतो. आम्ही व्यवसायाने वकील. चोरीचे कलम आम्हांस पाठ आहे. परंतु कलमाच्या एका बाजूस उभा असलेला फिर्यादी तासाभरात दुसऱ्या बाजूस आरोपी कसा होतो, हे कोणत्याही निवाड्यापेक्षा या चित्रपटाने अधिक स्पष्ट दाखविले आहे. मुख्य भूमिकेतील लॅम्बर्तो मॅज्जोरानी हा धंदेवाईक नट नव्हता, कारखान्यातील कामगार होता.

या दर्शनाचे फळ लवकरच दिसले. महोत्सवात हा चित्रपट पाहून प्रभावित झालेल्या बिमल रॉय यांनी १९५३ मध्ये ‘दो बिघा जमीन’ काढला. सावकारी पाशातून जमीन सोडविण्यासाठी कलकत्त्यास जाऊन हातरिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. १९५४ मध्ये कान येथील महोत्सवात तिला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. जे रोमहून मुंबईस आले, ते दोन वर्षांत आपल्या मातीचे रूप घेऊन युरोपास परत गेले. नव्याचा परिचय म्हणतात तो असा.

जुन्याचा परिचय त्याहून विलक्षण असतो, कारण जे आपलेच असते ते आपण पाहिलेले असूनही पाहिलेले नसते. पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात मुंबईत लागला आणि एका वर्षाहून अधिक काळ चालला. आपल्या वाडवडिलांनी तो चित्रपट म्हणून नव्हे, दर्शन म्हणून पाहिला. विष्णुपंत पागनीस यांचे रूप आणि तुकोबांचे रूप त्यांच्या मनात एकच होऊन गेले. १९३७ मध्ये हाच चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गेला आणि तेथे त्याचा गौरव झाला. व्हेनिसमध्ये विठ्ठल कोणाच्या कुळीचा नव्हता. भक्तीच्या आधाराशिवायही जे उरले ते काय होते? आज तो पुन्हा पाहणारास ते सहज सापडते. दामले आणि फत्तेलाल यांनी वैकुंठाचे विमान जितक्या श्रद्धेने दाखविले, तितक्याच निष्ठेने देहूच्या घरातील रिकामी मडकी, उपाशी मुले आणि म्हैस दाखविली. गौरी यांनी उभी केलेली जिजाई पायताण घेऊन देवासमोर जाब विचारावयास जाते, तेव्हा ती नास्तिक नसते. संसाराची फिर्याद ती योग्य न्यायालयात दाखल करीत असते. रोमच्या सायकलीपूर्वी बारा वर्षे हे वास्तव आपल्या पडद्यावर होते.

परंतु जुन्याचे दर्शन घडावयाचे तर जुने शिल्लक राहावे लागते. भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले. त्यांपैकी उरले ते अगदी मोजके. त्या काळची नायट्रेटची फिल्म ठिणगी लागताच पेटे, आणि न पेटली तरी काळाने कुजे. तिच्या लेपात चांदी असल्याने चालून झालेली रिळे चांदी काढण्यासाठी विकली जात. मूर्ती वितळवून धातू विकण्यासारखाच हा प्रकार, फक्त त्यास पाप म्हणावयास कोणी नव्हते. १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथील पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, जुन्या चित्रकर्मींच्या घरी जाऊन जे मिळाले ते गोळा केले. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ आज आपण पाहू शकतो, याचे श्रेय मुख्यत्वे त्यांस आहे. ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाचे काम फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केले होते. तरीही २००३ मध्ये पुण्यातील आगीत नायट्रेटच्या बहुमोल प्रती जळाल्या. गाभारा बांधला म्हणजे चिंता मिटली असे नव्हे.

आता पालखीकडे वळू. मद्रासहून दिल्लीस जाणारा लोहमार्ग नागपूर ओलांडून आमच्या पांढुर्ण्यावरूनच जातो. १९५२ चा महोत्सव मद्रासहून दिल्लीस गेला, पण मधल्या मुलखात तो थांबला नाही. त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूरही त्याच्या वाटेवर नव्हते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले; पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिले. घरची बोली मराठी, कापूस-संत्र्याचा व्यवहार नागपूरशी, आणि राजधानी भोपाळ. २०२३ मध्ये या दोन्ही तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तरी तो महाराष्ट्राच्या सीमेपलीकडेच आहे. पुण्याच्या महोत्सवात वा गोव्यात २००४ पासून भरणाऱ्या महोत्सवात जे मराठी-कोंकणी चित्रपट दाखविले जातात, त्यांची पालखी आमच्या वेशीपर्यंत आपोआप येत नाही. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या ‘पलतडचो मनीस’ या कोंकणी चित्रपटास २००९ मध्ये टोरांटोत समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चा २०१४ मध्ये व्हेनिसला सन्मान झाला. व्हेनिस आणि टोरांटोस जे पोचते, ते सौंसरास पोचू नये?

यावर उपाय सरकारच्या दारी मागण्याआधी स्वतःच्या दारी पाहावा. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आदी मित्रांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाने १९६८ पासून तेच व्रत मराठी रसिकांत चालविले. त्यांना लागले ते एक सभागृह, एक पडदा आणि पाहून बोलणारी माणसे. आमच्याकडे सभामंडप आहेत. जामसावळीच्या पहुडलेल्या हनुमंताच्या दर्शनास दूरदूरची माणसे येतात. कीर्तनात आधी निरूपण, मग आख्यान, ही शिस्त आमच्या श्रोत्यांस पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी आहे. चित्रपटापूर्वी दोन शब्द आणि नंतर थोडी चर्चा, याहून फिल्म सोसायटीस अधिक काय लागते?

कायद्याचीही येथे अनुकूलता आहे. भारतात चित्रपटावरील स्वामित्वहक्काची मुदत प्रदर्शनानंतर साठ वर्षांची. ‘संत तुकारामा’ची ती केव्हाच संपली. गीतादिकांवरील स्वतंत्र हक्कांची आणि परवान्यांची चौकशी अवश्य करावी. प्रत मिळवावी ती मात्र चांगल्या ठिकाणाहून, धूसर नक्कल नव्हे. एखाद्या आषाढीस देवळाच्या मंडपात तुकोबा पडद्यावर यावेत, दुसऱ्या महिन्यात रोमचा तो सायकलवाला यावा, आणि दोघांच्या घरातील रिकामी मडकी आमच्या मुलांनी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पालखी वेशीशी थांबत नसेल, तर खांदा देण्यास आपण पुढे व्हावे. खांदा दिल्यावाचून पालखी कोठेच जात नाही.