सेनापतीची भुंगेरेगिरी

नेपोलियनच्या घोडदळात देजाँ नावाचा अधिकारी होता. 1809 साली स्पेनमधल्या अल्कानीसच्या लढाईत, चाल करून जायच्या ऐन वेळी त्याला फुलावर एक भुंगेरा दिसला. गडी घोड्यावरून उतरला, शिरस्त्राणात बसवलेल्या बुचावर त्याने तो टाचणीने टोचला आणि मगच पुढे निघाला. लढाई हरली, शिरस्त्राणाचा चेंदामेंदा झाला, भुंगेरा मात्र शाबूत, असं सांगतात. मीठमसाला असणारच. वर्गीकरणात या माणसाने खरी मजल मारली ती जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांत; शिरस्त्राणातला तो भुंगेरा मात्र भलत्याच कुळातला होता. वॉटर्लूनंतर हद्दपारी वाट्याला आली, तरी किडे जमवणं सुटलं नाही.

जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळाला कॅराबिडी हे नाव कीटकशास्त्रज्ञ लात्रेयने 1802 मध्ये दिलं होतं. आज त्यात सुमारे 40,000 प्रजाती आहेत. एवढा गोतावळा एकत्र कशावर बांधायचा? आपल्या माळरानावरचा मोठा काळा, सहा ठिपक्यांचा भुंगेरा घ्या. याचं नामकरण कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने 1775 सालीच केलंय. जिवंत असेल तर तोंड लांब ठेवा, मागून फॉर्मिक आम्लाची पिचकारी येते. मेलेला असेल तर उताणा करून भिंग धरा. मागच्या पायाचा मुळाकडचा सांधा पोटाच्या पहिल्या पट्टीला मधोमध छेदून जातो. ही खूण पाणभुंगेऱ्यांतही असते, म्हणून पुढच्या पायाकडे वळायचं. तिथे नडगीवर केसाळ खाच असते. किडा मिशी तिच्यातून ओढून स्वच्छ करतो. ही खाच पाहिल्यावर मला ठिपक्यांचं कौतुक उरलं नाही.

देजाँने 1825 ते 1831 या काळात या भुंगेऱ्यांवर पाच जाडजूड खंड लिहिले. 1837 पर्यंत त्याच्या संग्रहाच्या यादीत सगळ्या प्रकारच्या भुंगेऱ्यांच्या 22,000 हून जास्त प्रजाती होत्या. त्याचा एक हट्ट मात्र मला पटत नाही: नाव सगळ्यात जुनं नको, जे रुळलंय तेच ठेवायचं. रुळलंय हे ठरवणार कोण? पॅरिसमधली त्याची मित्रमंडळी? पुढे शास्त्राने जुन्या नावाचाच हक्क मानला, तेच बरं झालं.

नावांचा गुंता सोडवायचा तर ज्यांच्यावरून नावं दिली गेली ते मूळ नमुने पाहावे लागतात. भारतातल्या प्रजातींसाठी हे काम केलं हर्बर्ट अँड्र्यूज याने. हा इथल्या वनखात्यातला अधिकारी. नोकरी सोडून मायदेशी गेल्यावर तो संग्रहालयांतले जुने नमुने तपासत बसला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरच्या मालिकेत त्याचे दोन खंड आले, 1929 आणि 1935 साली. दुसऱ्या खंडात एका मोठ्या उपकुळाची फक्त सुरुवात झाली होती.

देजाँने आपल्या पाचांतल्या पहिल्या खंडाची सुरुवात टायगर बीटल या भुंगेऱ्यांपासून केली होती. त्यांना या कुळात धरायचं की वेगळं कूळ द्यायचं, यावर जुनं भांडण आहे. 2020 मध्ये जनुकांच्या आधारे त्यांना पुन्हा वेगळं काढलं गेलं.